विनू, बोटीवर ते वाक्य येणार नाही

प्रिय विनू,

येत्या रविवारी दासगावच्या धक्क्यावर तुझ्या नावाची बोट पाण्यात सोडणार आहेत. त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यावं म्हणून हे पत्र. तू समोर असतास तर पत्राची गरजच पडली नसती, दोन वाक्यांत काम झालं असतं. पण तू समोर नाहीस, आणि राग तर त्याचाच आहे.

बोट फायबरची आहे, नारिंगी. पावसाळ्याआधी हाताशी असावी म्हणून आपल्या आळीतल्या मंडळाने घेतली. तिला तुझं नाव द्यायचं ठरलं तेव्हा मी काही बोलले नाही. मोठ्या पुरात तू तुझ्या जुन्या बोटीतून गल्लोगल्ली फिरलास, माड्यांवर अडकलेली माणसं उतरवलीस, हे साऱ्या महाडने पाहिलंय. मलाही माझ्या दुकानाच्या माडीवरून तूच काढलंस. बोटीत पाय टाकता टाकता मी तुझ्यावर ओरडले होते, की पत्र्यांवरून अनवाणी कसला फिरतोस. तू हसलास आणि म्हणालास, "ताई, आधी बस, मग ओरड." ते नाव बोटीवर यायलाच हवं.

पण नावाखाली तुझं वाक्यही येणार आहे. 'पाण्याच्या उलट घर.' त्यावरून माझं डोकं फिरलंय.

मंडळाचा महेश, तोच तो मोबाईलच्या दुकानवाला, परवा माझ्या औषधांच्या दुकानात आला आणि फोनवर नमुना दाखवू लागला. पिवळी अक्षरं, काळी किनार. बॅटरीचा झोत पडला की चमकणार म्हणे. विनूकाका बोट शिकवताना हेच सांगायचे, पोरांना पाठ आहे, असं कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, नाव ठेव, वाक्य काढ. त्याला वाटलं मला रंग पसंत नाही. हिरवा करू का, म्हणाला.

तुझं वाक्य! ते तुझं तरी कुठे होतं, विनू? ते बाबांचं होतं. पोलादपूरच्या वर, डोंगरात, आपलं गाव ओढ्याच्या उगमापाशी. पावसात धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नसे. बाबा सगळ्या पोरांना सांगून ठेवायचे, वाट चुकलात तर इकडेतिकडे धावू नका, खाली ओढ्याशी उतरा आणि पाण्याच्या उलट चाला, घर येईल. आपण दोघं एकदा तसेच आलो. मी पुढे होते आणि तू माझ्या परकराचा काठ धरून मागे रडत होतास. पुढे हीच गोष्ट तू मंडळाच्या पोरांना सांगायचास तेव्हा पुढे तू असायचास आणि रडणारी मी! मी ऐकून घेत गेले. सहा वर्षांनी धाकट्या भावाला तेवढी मोकळीक देते मी.

डोंगरात ते वाक्य खरं होतं. पुरातही खरं ठरलं, कारण पुराचं पाणी एकाच दिशेने धावतं. तिथे कुणालाही विचारून बघावं, ते खरंच निघेल. म्हणूनच तर ते धोक्याचं. चुकीची गोष्ट माणूस कधीतरी टाकून देतो. दोनदा खरी ठरलेली गोष्ट तो उशाला घेऊन झोपतो.

माघात तू गेलास आणि आता वैशाख चालू आहे. इतके दिवस मला एवढंच माहीत होतं, की बाणकोटजवळ सुनंदाच्या मावशीच्या नातीचं लग्न होतं, तुम्ही नवराबायको दासगावहून खाडीने खाली बोटीने गेलात, आणि दुसऱ्या दिवशी परतताना खाडीच्या तोंडावर बोट उलटली. सुनंदा वाचली, तू वाचला नाहीस. धुकं होतं, नशीब वाईट होतं. सगळे असंच म्हणत होते. सुनंदा काहीच म्हणत नव्हती.

मंगळवारी ती बोलली. गच्चीवर आमसुलं वाळत घालत होतो. मी तिला महेशचं सांगितलं, नाव, वाक्य, पिवळी अक्षरं. तिचे हात थांबले. कोकमाच्या रसाने लाल झालेले हात तिने तसेच अधांतरी धरले आणि म्हणाली, "वन्सं, ती अक्षरं नको. ती वाचून पोरं जातील."

कुठे जातील, मी विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. तुलाही ते ऐकायला हवं, विनू. तू तिथे होतास, तरी ऐक, कारण तू तेव्हा ऐकत नव्हतास.

पहाटे निघालात. मावशीच्या अंगणातून समोरचं नारळाचं झाडही दिसत नव्हतं. मावशी म्हणाली, जावई, चहा घ्या, ऊन येऊ दे, धुकं उठलं की जा. तुला घाई. मंडळाच्या पोरांना तू शब्द दिला होतास, की दुपारच्या आत दासगावला पोचून त्यांना बोट शिकवीन. उशीर झाला असता तर पोरांनी काय केलं असतं रे? धक्क्यावर बसून वडापाव खाल्ले असते! सुनंदा म्हणाली, आपण एसटीने जाऊ, बोट मागाहून न्या. त्यावर तू तिला म्हणालास की बोटवाल्याची बायको एसटीने गेली तर लोक हसतील.

फोन? तो वरातीचं शूटिंग करून करून संपला होता. सुनंदाच्या साध्या फोनवर नकाशा नाही. होकायंत्र तू कधी घेतलंच नाहीस. पुरात गल्लीबोळातून फिरायला होकायंत्र कशाला लागतं! लाईफ जॅकेट एकच होतं, दुसरं महाडला घराच्या खुंटीवर. ते एक तू तिच्या अंगात घातलंस आणि पट्टे स्वतः आवळलेस. ही एक गोष्ट तू बरोबर केलीस. ती मी मोजते. बाकीचंही मला मोजू दे.

मावशीकडची रीत तुला ठाऊक होती. धुक्यात घरातलं कुणी पाण्यावर असलं की बायका बंदरावर येऊन परात वाजवतात. एकीचा हात दुखला की दुसरी घेते, धुकं उठेपर्यंत थांबत नाहीत. पाण्यावरच्या माणसाला कळावं की गाव या बाजूला आहे. तुम्ही निघालात आणि मावशीने लग्नाचीच मोठी परात उचलली. तू निघताना हसलासही. म्हणालास, मावशी, आमच्यासाठी कशाला, आम्ही काय मासे मारायला चाललोय?

थोडं वर आलात आणि तू वाट हरवलीस. काठ दिसेना, पाणी आणि हवा एकच झाली. दोनदा गोल फिरलात. तेव्हा सुनंदा म्हणाली, नांगर टाका. आणि तू टाकलास! विनू, तू नांगर टाकला होतास. इथपर्यंत तुम्ही दोघं जिवंत होतात, सुखरूप होतात, आणि काही करायचं शिल्लक नव्हतं. डब्यात लग्नाचे लाडू होते. दोघांनी ते खात बसायचं होतं. माघातलं धुकं किती टिकतं? ऊन वर आलं की उठतं. त्या दिवशीही उठलं.

पण गप्प बसणं तुला लहानपणापासून जमलं नाही. तू पाण्यात वाकून बघितलंस. नांगराच्या दोरीशी पाणी दुभंगत चाललं होतं, बोटीच्या पुढून मागे. तुझा चेहरा उजळला, सुनंदा म्हणाली. तू म्हणालास, हे बघ, पाणी आपल्या पुढून येतंय, म्हणजे पुढे नदी, पुढे घर. सरळ नाकासमोर जायचं.

भरती लागली होती, विनू! समुद्र आत येत होता. नांगरलेली बोट येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभी राहते. पाणी समुद्राकडून येत होतं, म्हणून बोटीचं तोंड समुद्राकडे झालं होतं.

तुला हे माहीत नव्हतं, असं मी एक वेळ मानलं असतं. डोंगरातल्या माणसाला भरती काय कळणार, असं म्हणून मी तुला माफ केलं असतं. पण तुला माहीत होतं! दासगावच्या धक्क्यावर तू किती संध्याकाळी काढल्यास. पाणी येताना आणि जाताना बघितलंस. पुरात तूच सगळ्यांना सांगायचास, की भरती उतरल्याशिवाय पाणी उतरायचं नाही. मग त्या सकाळी ते कुठे गेलं? इतकी वर्षं महाडात काढून धुक्यात तू पुन्हा ओढ्याकाठचा पोर झालास. बाबांचं वाक्य धरलंस, जसा माझा परकर धरला होतास. फक्त या वेळी पुढे मी नव्हते.

मी औषधं विकते. औषध खरं असून भागत नाही, ते कुठल्या आजारावरचं आहे ते बघावं लागतं. रक्तदाबाची खरी गोळी चांगल्या माणसाला दिली तर तो चक्कर येऊन पडतो. बाबांचं औषध खरं होतं. तू ते भलत्याच आजारावर दिलंस.

आणि अजून ऐक, कारण याच्यापुढचं मला सहन होत नाही. तू नांगर ओढायला लागलास तेव्हा सुनंदाने तुझा हात धरला. तिला भरती कळली नव्हती, तिने तसा दावाही केला नाही. पण तिला कान आहेत. ती म्हणाली, "अहो, परात पुढं वाजते हाय. गाव तर आपण मागं टाकलं. मग ती मागं वाजायला नको?"

इतकी साधी गोष्ट. ज्या गावाहून निघालो ते गाव पुढे कसं? पाचवीतल्या पोरालाही कळेल. तू काय म्हणालास? म्हणालास, "धुक्यात आवाज फिरतो. पाणी फिरत नाही."

पाणी फिरत नाही! जी एकच गोष्ट त्या खाडीत दिवसातून दोनदा फिरते, तिच्याबद्दल तू हे बोललास. आणि बंदरावर उभी राहून तुझ्यासाठी परात बडवणारी म्हातारी खोटी ठरवलीस.

मग तुम्ही निघालात. परातीचा आवाज मोठा होत गेला, डाव्या हाताला आला, अगदी जवळ. सुनंदाला मावशीच्या बांगड्यांचाही भास झाला म्हणे. तिने हाक मारली, पण इंजिनापुढे तिची हाक कुठे पोचणार? ती तुला म्हणाली, बंद करा, एकदा बंद करा. तू नाही केलंस. हळूहळू परात मागे पडली. तेव्हा तू मान वळवून खुशीत म्हणालास, "बघ, आता मागे वाजतेय ना? मी काय सांगत होतो?"

हे सांगताना सुनंदा रडली नाही, विनू. मी रडले. संतापाने रडले. जिंकल्याचा तो तुझा आवाज मला ओळखीचा आहे. कॅरमची सोंगटी गेली की तो आवाज यायचा. तुझ्या आयुष्यातला शेवटचा आनंद तो, आणि तोही बायकोवर कुरघोडी केल्याचा!

खाडीच्या तोंडावर वाळू भरलेली आहे, तिथे लाटा फुटतात. तुझी बोट सपाट बुडाची, गल्लीतल्या पाण्यासाठी घेतलेली. पहिल्या लाटेला तुला कळलं. सुनंदा म्हणते, तुझं तोंड बघूनच तिला समजलं की तुला कळलं. तू बोट वळवायला गेलास आणि दुसरी लाट आडवी आली. नंतर एकदाच तुझा आवाज आला, जॅकेट सोडू नको म्हणून. तिने सोडलं नाही. भरतीच्या पाण्याने तिला आत ओढून नेलं, बंदराच्या बाजूला, चिखलात. ज्या पाण्याशी तू भांडत गेलास, त्याच पाण्याने तिला परत आणून दिलं. त्यात अंग टाकून दिलं असतंस तरी तू आला असतास.

तू सापडलास ते वाळूवर, दुसऱ्या दिवशी.

आता तुझ्या मागे काय झालं ते सांगते. तेराव्याला गावाहून काकू आली. पंगतीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की बायकोच्या माहेरच्या लग्नापायी आमचा हिरा गेला, हिलाच घरी यायची घाई झाली असंल. मी काकूला सांगितलं की तोंडातला घास आधी संपव. पण बोललेलं बोललं गेलं. ते आता पोलादपूरपासून महाडपर्यंत पसरलंय. भाजीवालीदेखील सुनंदाला विचारते, वहिनी, एवढं काय अडलं होतं गं घरी? आणि सुनंदा पिशवी उचलून निघून येते.

घाई तुझी होती. हट्ट तुझा होता. थांबा म्हणणारी ती होती. आणि दोष ती वाहते आहे!

मी तिला विचारलं, इतके दिवस का नाही बोललीस? तर म्हणाली, "त्यांचं चांगलं नाव झालंय, वन्सं. ते राहू दे. माझं काय, मी हाय की."

माझं काय! असं बोलायला तिला कुणी शिकवलं, विनू? थोडं तू, थोडं सगळ्यांनी. मी तिथल्या तिथे तिला झापलं. म्हटलं, तुझं काय म्हणजे? जिवंत माणसाचं नाव खराब करून मेलेल्याचं नाव जपायचं, हा कुठला न्याय? ती पुन्हा आमसुलं पसरायला लागली. पसरता पसरता म्हणाली, माझं राहू द्या, पण तेवढी अक्षरं तरी काढायला सांगा. स्वतःसाठी ती एक शब्द बोलायला तयार नव्हती. परक्यांच्या पोरांसाठी तिने तोंड उघडलं.

काल मी महेशला पुन्हा बोलावलं. काउंटरच्या आत, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, भरती आली की दासगावला पाणी कुठल्या दिशेने जातं? वर येतं, म्हणाला. मग तेव्हा पाण्याच्या उलट कुठे? त्याने काउंटरवर बोटाने नदी ओढून बघितली. मग हळूच म्हणाला, समुद्राकडे.

मी त्याला बाकीचं सांगितलं, सुनंदाला विचारून. त्याने डोळे पुसले. तू त्याचा लाडका होतास ना. पण नंतर काय म्हणाला ठाऊक आहे? "आत्या, बॅनर छापून आलेत. आणि मेलेल्या माणसाबद्दल असं चारचौघांत कशाला? आम्ही पोरांना बाजूला घेऊन सांगू."

बाजूला घेऊन! ही आपल्याकडची जुनी खोड. चूक घडते चारचौघांत आणि सांगायची बाजूला घेऊन. मग ती ज्याला कळायला हवी तो नेमका त्या दिवशी आलेला नसतो. मी महेशला विचारलं, उद्या यातलं एखादं पोर धुक्यात खाडीत अडकलं आणि बोटीच्या कडेवरची तुझी पिवळी अक्षरं वाचून निघालं, तर त्याच्या आईला तू बाजूला घेऊन काय सांगशील? तो स्टुलावरून उठून गेला. पेंटरला त्याने सांगितलंय की नाही, मला अजून कळलेलं नाही.

त्याच्यावर मी अवलंबूनही नाही. काल संध्याकाळी सुनंदाला सांगितलं, की रविवारी माईक मी घेणार. मला वाटलं ती नको म्हणेल, हात जोडेल. ती दारातून मागे वळली आणि म्हणाली, "तुम्ही नको, वन्सं. तुम्ही रागानं बोलाल, आन् लोक तुमचा राग बघत बसतील. बोटीत मी हुते. मी सांगते."

खरं सांगू, विनू? इतक्या वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. तू तर कधीच नाही. ती तुझी बायको आहे आणि तुला कळली नव्हती. बोटीत तुझ्या समोर बसली होती ती, आणि तू पाण्याकडे बघत होतास.

म्हणून हा शब्द देते, आणि मी शब्द दिला की पाळते, हे तुला ठाऊक आहे. रविवारी सुनंदा नारळ फोडेल आणि मग बोलेल. मी तिच्या शेजारी उभी राहीन आणि एक अक्षरही काढणार नाही. तुझी घाई, तुझा हट्ट, नांगर, परात, सगळं ती सांगेल, आणि जॅकेटचे पट्टे तू आवळलेस तेही सांगेल. काकूला मी गाडी पाठवून आणवते आहे, पुढच्या रांगेत बसवायला. ती वाक्याची अक्षरं पेंटरने रंगवलीच असतील तर रॉकेलचं फडकं माझ्या पिशवीत असेल. पोरांच्या डोळ्यांदेखत मी ती पुसीन. नावाला हात लावणार नाही.

लोक तुला थोडं कमी मानतील. मानू देत. आपली पोरं घरी येतील.

तुझ्यावर भयंकर रागावलेली,
ताई